चौदा बिल्ले आणि एक शेवट

कमलाक्ष टॉकीज, तुमसर
रविवार, ११ जानेवारी २०२६

चि. निकेश यास,

हे पत्र लिहायची वेळ तुझ्यामुळे आली. काल शनिवारी दुपारी बाराच्या खेळाला मी खिडकीवर बसले होते. सात जण तिकिटाला आले. त्यातल्या एकाने मोबाईल काढला, सातांनी त्यात तुझं तोंड पाहिलं आणि सातही जण तिकीट न घेता चहाच्या टपरीकडे वळले. जाताना एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "पेटीत लुगडं न सातबाराच निघते न? ते त आपल्या घरच्या पेटीतबी हाये." तीनशे दहा खुर्च्यांच्या हॉलमध्ये एकोणीस माणसं बसली. त्यातली दोन झोपायला आली होती.

मग मी तुझा तो व्हिडिओ पाहिला. 'निकेश बोलून राहिला' हे चॅनेलचं नाव योग्यच आहे, कारण तू थांबतच नाहीस. 'माळ्यावरची पेटी' हा रहस्यपट आहे. माळ्यावरच्या कुलूपबंद पेटीत काय आहे, यासाठी माणूस अडीच तास बसतो. तू सुरुवात अर्ध्या मिनिटात उरकतोस आणि शेवट चार मिनिटं सांगतोस. सासूने सुनेसाठी जपलेलं लुगडं, सुनेच्या नावाचा सातबारा, गळाभेट, सगळं. खाली लाल पट्टी असते, 'स्पॉयलर आहे, सांभाळून'. खिसा कापणाऱ्याने आधी 'सांभाळून' म्हटलं की तो सज्जन ठरतो, असं तुला कोणी शिकवलं?

फोन का केला नाही, असं विचारशील. दिवाळीत व्हॉट्सॲपवर दोन शब्द सुनावले, तर ते तू 'टॉकीजवाल्या मामीची धमकी' म्हणून जगाला दाखवलेस आणि त्यावरही व्ह्यूज कमावलेस. म्हणून कागद. आपला गेटकीपर बाबुलाल तुझ्याच सिहोऱ्याचा, रोज मोटरसायकलने येतो-जातो. पत्र त्याच्या हाती. उत्तरही त्याच्याच हाती, शाईने.

आता मुद्दा. तुझे मामा गेल्यापासून अकरा वर्षं हे टॉकीज मी चालवते, पण इमारतीत अर्धा हिस्सा तुझ्या धाकट्या मामांचा आहे. त्या पुंडलिकरावांच्या राइस मिलमध्ये पोती ठेवायला जागा उरलेली नाही. ते डिसेंबरात येऊन सांगून गेले, "वहिनी, जानेवारीत एक खेळ, फक्त एक, भरून दाखवा. नाही तर एक फेब्रुवारीपासून इथं धान." जाताना हॉलच्या दाराला लावायचं नवं मोठं कुलूपही माझ्या टेबलावर ठेवून गेले. ते समोर ठेवूनच हे लिहिते आहे.

व्हिडिओ आज काढून टाक.

मालनमामी

ता.क. इंटरव्हलला बाहेर जाणाऱ्याला बाबुलाल पितळी बिल्ला देतो आणि परत येताना घेतो. वर्षभरात चौदा बिल्ले गेले. मी त्याला रागावते, तो पब्लिकवर ढकलतो. तुझं पब्लिक तुझं ऐकतं ना? मग त्यांना हेही सांग, की या बिल्ल्याने दुसरीकडे कुठे आत सोडत नाहीत.

*

सिहोरा
१३ जानेवारी

मामी, शि.सा.न.

पत्र भेटलं. बाबुलालकाकानं असं धरून आणलं, जसं काही कोर्टाचा समन्स होय. आई घाबरली, म्हणे, "काय केलंस रे?" म्या म्हटलं, खरं बोललो.

मामी, तुमी समजून नाही राहिल्या. माझे एक्केचाळीस हजार सबस्क्रायबर आहेत. वरठीचे कारखान्यातले पोट्टे ड्युटीवर जाता जाता माझा व्हिडिओ पाहतात. आठवड्यात त्यांले एकच सुट्टी असते. ते बेकार सिनेमात गेली त ती भरून कोण देते? मी पब्लिकचा टाइम वाचवून राहिलो. बाजारात बाई भेंडी मोडून पाहते का नाही? तिले कोणी म्हणत नाही का तू भेंडीचा शेवट फोडला.

दुसरं. शेवट माहीत असला म्हणून कोणी येत नाही, हे मले पटत नाही. आपल्या इकडे दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तिच्यात नाटक होते, त्याचा शेवट लहान लेकराले माहीत असते. तरी सारं गाव घोंगडं घेऊन बसते. सिनेमात दम असला त लोक येतात, नसला त मामीले निकेश दिसते.

तिसरं, तुमच्या बाल्कनीत ढेकणं आहेत. हे मी व्हिडिओत सांगतलं नाही, घरचं टॉकीज म्हणून. याचा विचार करा.

मी पहिल्या दिवशी पहिला खेळ पैसे देऊन पाह्यला. तिकीट जपून ठेवलं आहे. शेवटाले त माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं नाही सांगत. खरं सांगणं गुन्हा असंल त तसं लिहा. व्हिडिओ काढणार नाही.

मामाचं कुलूप वाचून वाईट वाटलं. पण त्याले मी काय करू?

तुमचा भाचा,
निकेश

*

तुमसर
सोमवार, १९ जानेवारी

चि. निकेश,

भेंडीचा दाखला वाचला. भेंडी मोडून पाहणारी बाई ती चावून परत टोपलीत टाकत नाही. ढेकणांचं म्हणशील तर औषध मारलं आहे. आता बाल्कनीत त्रास देणारं दुसरं कोणी उरलेलं नाही, तू न आल्यास.

काल काय घडलं ते क्रमाने सांगते.

काल दुपारी बाराच्या आधी दारात टेम्पो थांबला. त्यातून गिरजाबाई उतरल्या. तुझ्याच गल्लीतल्या, बचतगटाच्या अध्यक्ष, तू ओळखतोसच. त्यांच्या मागून चाळीस बायका, बावीस सासवा आणि अठरा सुना. यंदाचं हळदीकुंकू घरात न करता सिनेमात करायचं ठरवलं होतं. मी चकित झाले. विचारलं, हाच सिनेमा का? तर गिरजाबाई म्हणाल्या, "निकेशनं सांगतलं न, सासू चांगली निघते म्हणून. सुनाईले दाखवाले आणल्या." म्हणजे तुझ्या बडबडीने सात गेले आणि चाळीस आले. मी खिडकीवर सगळ्यांना तिळगूळ दिला. खोटं कशाला लिहू, तुला माफ करायच्या बेतात होते.

अडीच वाजता आतून असा गलका उठला, की मला वाटलं छत पडलं. सगळ्या बायका खिडकीशी.

"शेवट कापला!" गिरजाबाई ओरडल्या.

"कोणी कापला?"

"तुमी! लाइटबिल वाचवाले कापला व्हय? लुगडं कोठं आहे? सातबारा कोठं आहे?"

मी समजावलं, की सिनेमा आता रिळात येत नाही, मशिनीच्या डब्यात कुलूपबंद येतो. कापायचा म्हटला तरी आम्हाला कापता येत नाही. त्यावर पार्वताबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याकडे पाहतात.

"मंग निकेशनं पाह्यला तो कोणता शेवट होय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, उद्या पाहून सांगते. उद्या का, तेही लिहून देते. कारण शेवट मीही पाहिलेला नव्हता. लग्न होऊन आल्यापासून मी या खिडकीत बसते. आत सिनेमा संपत असतो तेव्हा मी पुढच्या खेळाचं तिकीटबुक उघडत असते. शेवट फोडला म्हणून तुझ्यावर तोंड टाकलं, पण फोडला तो शेवट होता की नाही, हे पाहायला उठले नाही. बी.ए.ला पुरावा म्हणजे काय, हे शिकले होते. ते विसरले. चूक माझी.

जाताना टेम्पोत सासवा एका बाजूला बसल्या, सुना दुसऱ्या. येताना मिसळून बसल्या होत्या. सुना फार खूश दिसल्या.

आज बाराच्या खेळाला खिडकीवर बाबुलालला बसवलं आणि मी आत गेले. शेवटपर्यंत बसले. पेटी उघडली. लुगडं नाही. सातबारा नाही. गळाभेट तर मुळीच नाही. काय आहे ते इथे लिहीत नाही, कारण हे पत्र तुझ्या हाती पडणार आहे.

बाहेर येऊन बाबुलालला विचारलं, निकेश पहिल्या शुक्रवारी खेळ संपल्यावर कुठल्या दाराने गेला? तो म्हणाला, "खेळ संपल्यावर? बाई, तो त कधीच इंटरव्हलच्या पुढे बसला नाही. बिल्ला घेते न जाते." मी म्हटलं, आणि हे तू मला आज सांगतोस? तर म्हणतो, "तुमी बिल्ल्याचं विचारलं होतं, निकेशचं कुठं विचारलं?"

मी वही काढली. वर्षभरात तुझे या टॉकीजमधल्या सिनेमांवरचे व्हिडिओ चौदा. हरवलेले बिल्ले चौदा.

डोळ्यात पाणी आलं म्हणालास. कुठे आलं? समोशाच्या दुकानात? चौदा सिनेमांचे शेवट तू कुठून आणलेस, ते शाईने लिही.

मालनमामी

*

सिहोरा
२० जानेवारी

मामी, पाया पडतो. वाचून हे पत्र चुलीत टाका.

नागपूरवाले चॅनेल शुक्रवारी पूर्ण सिनेमा पाहून चार वाजता व्हिडिओ टाकतात. जो पहिला टाकते, लोक त्यालेच पाहतात. दुसऱ्याले कुत्रं विचारत नाही. मी दोनले टाकतो. दोनले टाकाचा त इंटरव्हलले निघाच लागते. मोबाईलच्या दुकानाच्या पायऱ्यावर बसून करतो सगळं.

राह्यला शेवट. पहिल्या वेळेस म्या खरंच अंदाज लावला होता. मंग आईले फोन केला, अर्धी गोष्ट सांगतली. ती वांगे चिरून राहिली होती. तिनं चिरता चिरता पुढचं सांगून देल्लं. काय सांगू मामी, कमेंटमध्ये लोक रडले. तवापासून दर शुक्रवारी आईलेच विचारतो. तिचे शेवट गोड असतात. कोणी मरत नाही, जमीन कोणाची जात नाही, सासू सुधरते. चौदातले दोन त बरोबरबी निघाले.

वर्षभर कोणी कायले बोललं नाही, याचा म्या काल रातभर विचार केला. माझा व्हिडिओ पाह्यल्यावर कोणी सिनेमा पाह्यलेच जात नव्हतं. त कोणाले कसं समजंल? हे गिरजाकाकूच पहिल्या निघाल्या.

गिरजाकाकू समोरच्याच घरी राहतात. माहीत पडलं त मले गल्लीतून निघता नाही येणार. तुमसरचा चपलेच्या दुकानवाला जाहिरात देणार आहे, तो पळून जाईल. आईचं नाव निघालं त ती तोंड लपवून बसंल.

पण मामी, एक गोष्ट शांत डोक्यानं वाचा. गावात दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते निकेश खरा, टॉकीजनं शेवट कापला. दुसरी म्हणते टॉकीज खरं. येत्या रविवारी रथसप्तमी आहे. दोन्ही पार्ट्या टेम्पो करून राहिल्या, स्वतः पाहून याले. तुमी चूप राहा, मी चूप राहतो. हॉल भरते. मामाचं कुलूप वापस जाते. खरं सांगतलं त भांडण मिटते, न भांडण मिटलं त कोण येते?

निकेश

*

तुमसर
बुधवार, २१ जानेवारी

चि. निकेश,

पत्र चुलीत टाकलेलं नाही. माझ्याकडे गॅस आहे.

तुझा शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना कुलपाकडे पाहिलं, हे कबूल करते. टेम्पो तर दारात येणारच होते, मी नुसतं गप्प बसायचं होतं. एवढं सोपं काम मला या टॉकीजने कधी दिलेलं नाही.

पण मग मी आणि तू यात फरक तो काय राहिला? तू इंटरव्हलला उठतोस, मी उठायच्या आधीच डोळे मिटायचे. हॉल खोट्यावर भरायचा असेल, तर धानाने भरलेला काय वाईट? पोत्यावर जे लिहिलेलं असतं ते निदान आत असतं.

तेव्हा असं कर. आज संध्याकाळी व्हिडिओ टाक. पार्श्वसंगीत नको, रडणं नको, 'मित्रांनो, आज मन जड आहे' नको. चौदा सिनेमांची नावं घे आणि सांग, की यातल्या एकाचाही शेवट मी पाहिलेला नाही. आईचं नाव घ्यायचं कारण नाही. तिने वांगी चिरली, तिचा काही गुन्हा नाही.

रविवारी बाराच्या खेळाला ये. तिकीट काढून. मोबाईल बाबुलालकडे जमा होईल. इंटरव्हलला तुला बिल्ला मिळणार नाही. जुने चौदा बिल्ले घेऊन ये.

कोणी आलं नाही तर आपण दोघं बघू. तू आणि मी, तीनशे दहा खुर्च्यांत. कुलूप मी स्वतः लावीन.

मालनमामी

*

सिहोरा
२६ जानेवारी

मामी, शि.सा.न.

तुमी काल खिडकीवरच होत्या, म्हणून आतलं लिहितो. बाहेरचं तुमाले माहीतच आहे.

बुधवारी तुमी सांगतला तसा व्हिडिओ टाकला. नावं घेतली, दर वेळेस इंटरव्हलले बिल्ला घेऊन पळतो न रविवारी पूर्ण पाह्यले जातो हे सांगतलं, चूप झालो. दीड लाख लोकांनी पाह्यला. एवढे व्ह्यूज मले खोटं बोलूनबी कधी आले नाही. कमेंट वाचू नका. चपलेवाला गेला. गुरुवारी गिरजाकाकू घरी आल्या, ओट्यावर उभ्या राहून एकच बोलल्या, "रविवारी तू कसा उठते तेच पाहतो." न वापस गेल्या.

म्या म्हटलं, आता कोण येते. त सकाळी तीन टेम्पो निघाले. भांडणवाल्या दोन्ही पार्ट्या एक झाल्या होत्या. माझ्या पार्टीतला, आमच्या गल्लीतल्या डिंपलचा बाप, ज्यानं माझ्यापायी तीन दिवस वाद घातला, तोबी त्यात. मामी, ते सिनेमा पाह्यले नाही आले. मले सिनेमा पाहताना पाह्यले आले. वरठीचे पोट्टे मोटरसायकलीवर आले, न अर्धं तुमसर पायी. मले पाहून एकानं शिट्टी मारली न म्हणे, "भाऊ, आज पूर्ण पाहणार का?"

मधल्या रांगेत बसवलं. एका बाजूनं आई, एका बाजूनं गिरजाकाकू. इंटरव्हलचा लाइट लागला त सारा हॉल मागं वळला, मी उठतो का म्हणून. मामी, मले लघवीले लागली होती. खरंच लागली होती. मी अर्धा उठलो त गिरजाकाकूनं शर्ट धरला, "बस! तुले बिल्ला नाही." आईबी म्हणे, बस.

पुंडलिकमामा रिकाम्या खुर्च्या मोजाले आले होते. मोजाले एकबी नाही भेटली. त भिंतीले टेकून उभे राहिले. इंटरव्हलले त्यांनी बाबुलालकाकाकडून बिल्ला घेतला, बाहेर जाऊन समोसा खाल्ला, न वापस आले. बिल्ला देऊन. म्या पाह्यलं.

मंग शेवट आला. पेटीचं कुलूप उघडाले लागले तसा सारा हॉल पुढं सरकून बसला. मले वाटलं होतं लोक हसतील, ओरडतील. कोणी नाही. आठ दिवसांत गिरजाकाकूच्या बायकाईनं साऱ्या सिहोऱ्याले तो शेवट सांगून टाकला होता, तोबी बरोबरवाला. त्या हॉलमध्ये शेवट सगळ्याले माहीत होता. मलेच तेवढा नव्हता. पार्वताबाईनं दुसऱ्यांदा पाह्यला, तरी पदर तोंडाले.

पेटीत असं असंल हे मले सात जन्म सुचलं नसतं. आईलेबी नाही.

बाहेर निघाल्यावर आई म्हणे, "म्या सांगतला तोच शेवट बरा होता." गिरजाकाकू म्हणे, "तुयाच बरा होता रुखमा, पण तो सिनेमात नव्हता न." दोघी हसल्या. मी नाही हसलो.

मामी, एक विचारतो. आता त म्या शेवट खरोखर पाह्यला. आता त व्हिडिओत सांगू शकतो का?

निकेश

*

तुमसर
रविवार, १ फेब्रुवारी

चि. निकेश,

नाही.

शेवट पाहिला म्हणून तो तुझा झाला, असं नाही. खुर्ची आवडली म्हणून घरी नेतोस का? सिनेमा कसा आहे ते सांग. वाईट असेल तर वाईट सांग, ढेकूण असतील तर ढेकूण सांग. पेटी मात्र बंद ठेव. उघडायला लोक स्वतः येतील, किंवा येणार नाहीत. ते तुझ्या हातात नाही आणि माझ्याही नाही.

मंडईच्या नाटकाबद्दल तू जे लिहिलं होतंस ते मात्र बरोबर होतं. शेवट माहीत असूनही माणसं बसली. पण ती कशासाठी बसली, हे तुला खुर्चीला बांधून घातल्याशिवाय कळलं नाही. मलाही आत जाऊन बसल्याशिवाय कळलं नव्हतं. आता दर सोमवारी एक खेळ मी आत बसून पाहते. शेवटपर्यंत.

पुंडलिकराव काल आले. म्हणाले, "वहिनी, ती गर्दी सिनेमाची नव्हती, निकेशची होती." मी म्हटलं, गर्दी कोणाची असावी हे तुम्ही अटीत घातलं नव्हतं. ते म्हणाले, "दर महिन्यात निकेश कोठून आणाल?" मी म्हटलं, सिहोऱ्याहून. त्यावर त्यांनी विचारलं, की पेटीतली ती वस्तू सासूला आधीपासून माहीत होती का? मी म्हटलं, तिकीट काढा, पुन्हा पाहा. त्यांनी काढलं. पुढच्या जानेवारीपर्यंत धान दुसरीकडे राहील.

दिल्या-घेतल्याची नोंद खाली केली आहे. वाचून सही करून बाबुलालच्या हाती परत पाठव.

निकेशकडून आले: पितळी बिल्ले, तेरा. चौदावा, नंबर एकतीस, त्याच्या आईच्या शिलाई मशिनीच्या पायाखाली टेकण म्हणून आहे. मशिन डुगडुगते, म्हणून तो तिथेच राहू दिला.

निकेशला परत: मोबाईल एक. रविवारी खेळाआधी जमा, खेळ संपल्यावर परत. चालू स्थितीत.

पुंडलिकरावांना परत: मोठं कुलूप एक, किल्ल्या दोन. न वापरलेलं.

निकेशला दिला: सिनेमाचा शेवट, एक. न कापलेला.

देणार: मालन बुरडे
साक्षीदार: बाबुलाल, गेटकीपर
मिळाला: निकेश